४५६ नावांची मतपत्रिका आणि आजच्या दहा सह्या

१९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. पन्नाशीच्या पुढचे वाचक ती मतपत्रिका अजून विसरले नसतील. वर्तमानपत्र उलगडावं तशी ती उलगडावी लागायची. महाराष्ट्र एकीकरण समितीने शेकडो अर्ज भरले होते. सीमाप्रश्न दिल्लीच्या कानावर घालायचा, एवढाच हेतू. कोणी निवडून येईल म्हणून ते अर्ज नव्हतेच.

त्याच वर्षी नलगोंड्यात पाण्याच्या प्रश्नावर ४८० जण उभे राहिले. तामिळनाडूत मोडकुरुची या एका विधानसभा मतदारसंघात तर १०३३. देशभरात लोकसभेच्या ५४३ जागांसाठी १३,९५२ उमेदवार होते, म्हणजे जागेमागे सरासरी पंचवीसच्या वर. दोन वर्षांनी, १९९८ ला, हाच आकडा ४,७५० वर आला. लोकांचा उत्साह दोन वर्षांत एवढा आटला नव्हता. मधल्या काळात कायदा बदलला होता.

हा विषय आज काढायचं कारण साधं आहे. निवडणूक आली की आपल्याकडे चर्चा एकाच गोष्टीची होते: उमेदवार कोण. त्या उमेदवाराचं नाव मतदान यंत्रावर पोहोचतं कसं, कोणत्या रांगेत बसतं आणि त्याच्यापुढे कोणतं चित्र येतं, याकडे आपलं लक्ष अर्ज भरायच्या आठवड्यात जातं. तोवर बरंचसं ठरून गेलेलं असतं.

१९९६ नंतर काय बदललं

त्या निवडणुकीनंतर लगेच लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ ऑगस्ट १९९६ पासून ती लागू झाली. उमेदवारांची गर्दी कमी करणं हा तिचा एक उघड हेतू होता.

पहिला बदल अनामत रकमेचा. लोकसभेसाठी खुल्या प्रवर्गाला ५०० रुपये होते ते १०,००० झाले, विधानसभेसाठी २५० चे ५,०००. पुढे २०१० पासून हेच आकडे लोकसभेला २५,००० आणि विधानसभेला १०,००० झाले. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी रक्कम.

दुसरा बदल सूचकांचा. आधी अर्जावर एका मतदाराची सही पुरायची, मग उमेदवार पक्षाचा असो की अपक्ष. १९९६ पासून मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, आणि बाकी सगळ्यांना दहा. 'बाकी सगळे' यात अपक्ष आले, तसेच नोंदणी असूनही मान्यता नसलेले पक्षही आले.

तिसरा बदल फारसा कोणाच्या लक्षात नाही. पूर्वी मतदानाआधी कोणताही उमेदवार वारला तरी निवडणूक रद्द व्हायची. आता फक्त मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार वारला तरच मतदान पुढे ढकललं जातं. अपक्ष वारला तर मतदान ठरल्या दिवशी होतं.

चौथा बदल वेळेचा. अर्ज माघारीचा शेवटचा दिवस आणि मतदान यांच्यात किमान वीस दिवसांचं अंतर असायचं, ते चौदा दिवसांवर आलं. याचा फटका कोणाला बसतो ते पुढे बघू.

म्हणजे १९९६ च्या आपल्या ४५६ अर्जांनी दिल्लीचं लक्ष वेधलं खरं, पण ज्या दारातून आपण शिरलो ते दारही अरुंद झालं. आपल्यामुळेच झालं असं म्हणणं बरोबर नाही. नलगोंडा, मोडकुरुची आणि देशभरातल्या हजारो हौशी उमेदवारांचा त्यात वाटा आहे. मतदाराची बाजूही आहे: साडेचारशे नावांत आपला माणूस शोधणं म्हाताऱ्या माणसाला किती जड गेलं असेल! नियम निष्कारण आला नाही. पण तो आल्यावर लहान पक्षाला आणि अपक्षाला वेगळी रांग लागली, आणि सीमाभागातला मराठी उमेदवार आजही त्याच रांगेत उभा आहे.

दहा सह्यांचा खेळ

दहा माणसं मिळणं अवघड नाही. एका गल्लीत मिळतात. अवघड आहे ते दहाच्या दहा जण त्याच मतदारसंघाचे मतदार असणं. बेळगाव शहरात उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण अशा हद्दी एकमेकींना चिकटून आहेत. रस्त्याच्या अलीकडचं घर एका मतदारसंघात, पलीकडचं दुसऱ्यात. उमेदवार स्वतः दुसऱ्या मतदारसंघातला मतदार असला तर चालतं. त्याने मतदार यादीतल्या आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडली की झालं. सूचकाला ही सवलत नाही.

मी एकदा छाननीच्या दिवशी बाहेर बसलो होतो. एका अपक्षाचा अर्ज नवव्या सहीवर अडकला. सही करणारा माणूस खरा, सहीही खरी, पण त्याचं नाव शेजारच्या मतदारसंघाच्या यादीत निघालं. नऊ सूचक म्हणजे शून्य सूचक. त्याच उमेदवाराने दुसरा अर्ज वेगळ्या दहा जणांच्या सह्यांनी भरला असता तर तो वाचला असता. एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच भरावी लागते. मोठ्या पक्षाचे लोक चारही भरतात. आपली माणसं बहुतेक वेळा एकावर भागवतात.

अंगठा उठवणारा सूचक असेल तर आणखी काळजी हवी. अंगठा निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमून दिलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो. घरी उठवून आणलेला अंगठा चालत नाही.

आणि हे फक्त लहानांनाच भोवतं असं नाही. २०२४ च्या लोकसभेला सुरतमध्ये काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, कारण अर्जावरच्या सह्या आमच्या नाहीत असं सूचकांनीच लिहून दिलं. बाकीच्यांनी माघार घेतली आणि भाजपचा उमेदवार मतदानाविना खासदार झाला. एवढ्या जुन्या पक्षाचं हे होतं, तर दहा सूचक सांभाळणाऱ्या अपक्षाने किती जपायला हवं ते सांगायला नको. सूचक म्हणून नातेवाईक आणि जुने कार्यकर्ते घ्यावेत, कोपऱ्यावर भेटला म्हणून कोणालाही घेऊ नये, असं जुनी मंडळी सांगतात ते याचसाठी.

तिसरी अडचण प्रतिज्ञापत्राची. नमुना २६ मधला एकही रकाना रिकामा सोडायचा नाही. लागू नसेल तर तसं लिहायचं. रिकामा रकाना दाखवून दिल्यावरही भरला नाही तर अर्ज बाद होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापासून पक्कं आहे.

पैशाचा हिशेब

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही.

१९९६ मध्ये ४५६ उमेदवारांची अनामत, प्रत्येकी ५०० धरून, २ लाख २८ हजार रुपये होते. आज तेवढेच उमेदवार उभे करायचे तर २५,००० च्या दराने १ कोटी १४ लाख लागतील. शिवाय आजचं मतदान यंत्र 'नोटा' धरून जास्तीत जास्त ३८४ नावं घेतं. ४५६ नावं झाली तर पुन्हा कागदी मतपत्रिका काढावी लागेल.

२०१९ ला समितीने हाच मार्ग पुन्हा चोखाळला. शेवटी बेळगावात ५७ उमेदवार रिंगणात राहिले, त्यांत समितीचेच जास्त. योगायोग बघा, ५७ म्हणजे ४५६ चा बरोबर आठवा भाग. सगळे मिळून अनामत झाली सुमारे सव्वाचौदा लाख. निषेधाची किंमत वाढली आणि आवाज कमी झाला.

त्याच २०१९ मध्ये निजामाबादेत हळद आणि ज्वारीच्या शेतकऱ्यांनी १७० हून अधिक अर्ज टिकवले. एकूण १८५ उमेदवार, एकेका केंद्रावर यंत्राचे बारा बारा भाग जोडावे लागले. तिथे निकाल फिरला आणि हळद मंडळाचं आश्वासन देणारा उमेदवार निवडून आला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ निजामाबादेतच सुरू झालं. त्यांची मागणी एका सरकारच्या एका निर्णयात बसणारी होती. सीमाप्रश्न तसा नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि शंभर उमेदवारांनी त्याची तारीख लवकर लागत नाही.

याउलट २०२१ च्या बेळगाव पोटनिवडणुकीत समितीने एकच तरुण उमेदवार दिला. त्याला १,१७,१७४ मतं पडली. विजयी भाजप उमेदवार आणि काँग्रेस यांच्यात फरक होता फक्त ५,२४० मतांचा. राज्यभर त्या एक लाख सतरा हजारांची चर्चा झाली. तरीही अनामत गेली, कारण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं लागतात. पहिल्या तिघांचीच मतं मिळवली तर ९,९२,५८८ होतात आणि त्यांचा सहावा हिस्सा एक लाख पासष्ट हजारांच्या वर जातो. पंचवीस हजार रुपये गेले, पण २०१९ चे सव्वाचौदा लाख आणि २०२१ चे पंचवीस हजार यांत कशाने जास्त काम केलं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

खरी अडचण चिन्हाची

सूचक आणि पैसा जमवता येतात. जमवता येत नाही तो वेळ.

मान्यताप्राप्त पक्षाचं चिन्ह वर्षभर भिंतीवर असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर. अर्जात पसंतीची तीन मुक्त चिन्हं लिहायची. तेच चिन्ह दुसऱ्या अपक्षाने मागितलं तर चिठ्ठ्या. २०२१ ला माघारीचा दिवस ३ एप्रिल आणि मतदान १७ एप्रिल. प्रचार ४८ तास आधी थांबतो. म्हणजे चिन्ह हाती आल्यापासून बारा दिवस. त्यात छपाई, फलक, आणि खानापूरच्या जंगलातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत ते चित्र पोहोचवणं.

चिन्हाचा घोळ काय करतो हे आपण शेजारी साताऱ्यात पाहिलं. २०२४ च्या लोकसभेला तिथे 'तुतारी वाजवणारा माणूस' हे पक्षाचं चिन्ह, आणि एका अपक्षाला नुसती 'तुतारी'. अपक्षाला ३७,०६२ मतं गेली. विजयाचा फरक होता ३२,७७१.

यंत्रावरची रांगही ठरलेली आहे. आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष, शेवटी अपक्ष. प्रत्येक गटात वर्णक्रम. २०१३ मध्ये समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिण आणि खानापुरात. निवडणूक आयोगाच्या कागदावर मात्र दोघेही अपक्ष. लोक त्यांना समितीचे म्हणून ओळखत होते, यंत्र ओळखत नव्हतं.

यावर कायद्यात एक वाट आहे. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशात नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षाला निवडणुकीपुरतं समान चिन्ह मिळण्याची सोय आहे. म्हणजे सगळ्या उमेदवारांना एकच चिन्ह, तेही अर्ज भरायच्या आधी माहीत असलेलं. अट अशी की विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवायच्या. लोकसभेला किमान दोन.

ही अट कुठे हलकी आणि कुठे जड पडते ते बघा. गोव्यात विधानसभेच्या जागा ४०. पाच टक्के म्हणजे दोन. दोन तालुक्यांतला पक्षही तिथे समान चिन्ह मागू शकतो. तिथली लहान पक्षांची परंपराही जुनी आहे. मगोपचा सिंह अजून ओळखला जातो, आणि रिव्होल्युशनरी गोवन्स या नव्या पक्षाने २०२२ च्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत नऊ टक्क्यांवर मतं आणि एक जागा घेऊन राज्य पक्षाची मान्यता मिळवली. कर्नाटकात जागा २२४. अकरा जागा पाच टक्क्यांच्या किंचित खाली राहतात, म्हणजे बारा हव्यात. समिती लढते त्या जागा मोजा: बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, खानापूर, निपाणी, फार तर यमकनमर्डी. सहा झाल्या. टक्केवारी अख्ख्या राज्याची मोजली जाते आणि आपली वस्ती राज्याच्या एका कडेला आहे.

वेळ चुकवली तर काय होतं याची उदाहरणं तामिळनाडूत आहेत. २०२४ ला नाम तमिळर पक्षाचं ओळखीचं ऊस-शेतकऱ्याचं चिन्ह आधी अर्ज केलेल्या कर्नाटकातल्या एका छोट्या पक्षाला गेलं, कारण मुक्त चिन्हात प्रथम येणाऱ्याला प्राधान्य. त्यांना 'माईक'वर लढावं लागलं. वायको यांच्या एमडीएमके पक्षाने एकच जागा लढवली म्हणून त्यांना जुनं चिन्ह मिळालं नाही. ते काडेपेटीवर लढले आणि जिंकले. म्हणजे नवं चिन्ह म्हणजे हमखास हार नव्हे. पण त्यांच्या मागे मोठी आघाडी होती. आपल्या मागे ती नाही.

नोंदणी कशासाठी

पक्ष नोंदवायला कायद्याच्या कलम २९-अ खाली शंभर मतदार सदस्य, घटना, पदाधिकाऱ्यांची यादी, दहा हजार रुपये शुल्क आणि वर्तमानपत्रांत जाहिराती लागतात. नोंदणी झाली म्हणून दहा सूचक चुकत नाहीत. पण मुक्त चिन्हासाठी अपक्षाआधी विचार होतो, यंत्रावर अपक्षांच्या वर नाव येतं, आणि नावापुढे पक्ष दिसतो.

नोंदणी करून झोपूनही चालत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आयोगाने ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीतून काढले, कारण सहा वर्षांत त्यांनी एकही निवडणूक लढवली नव्हती. कागदावरच्या पक्षांना लागलेली ही चाळण योग्यच म्हणावी लागेल.

घरची निवडणूक आधी

आपल्याकडे पक्षांतर्गत उमेदवार निवडीला कायद्याचं बंधन नाही. समितीत इच्छुकांचे अर्ज मागवायचे, बैठका घ्यायच्या आणि एकाच्या नावावर शिक्का मारायचा, ही पद्धत आहे. वाईट नाही. पण तो शिक्का कायद्याच्या कागदावर कुठेच उमटत नाही. राष्ट्रीय पक्षाचा बंडखोर पक्षाच्या 'बी' फॉर्मशिवाय अधिकृत ठरत नाही. समितीत दोन गटांनी दोन उमेदवार दिले तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्यापुढे दोघेही सारखेच अपक्ष. २०१८ ला हेच झालं. दोन गट, दोन उमेदवार, आणि विधानसभेत एकही जागा नाही. २०२३ लाही शून्य. नोंदणीकृत पक्ष असता तर 'बी' फॉर्म एकालाच गेला असता. दुसरा उभा राहिलाच असता, पण चिन्हाशिवाय.

कर्नाटक विधानसभेची मुदत मे २०२८ च्या सुमारास संपते. समान चिन्हासाठीचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून घेतात, म्हणजे २०२७ च्या नोव्हेंबरात. त्याआधी नोंदणी, आणि नोंदणीआधी गटांनी एका टेबलावर बसणं.

बारा जागांचं काय, असा प्रश्न उरतो. आपण गेली कित्येक वर्षं घोषणेत बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही नावं एका दमात घेतो. मग वरच्या सहा जागांत कारवार, हल्याळ, बिदर, भालकी, बसवकल्याण आणि औराद मिळवा. बरोबर बारा होतात. औराद आणि यमकनमर्डी राखीव, तिथे निम्मी अनामत. एकूण १ लाख १० हजार रुपये आणि १२० सूचक. २०१९ ला एका मतदारसंघात जेवढी अनामत जमा झाली, त्याच्या बाराव्या हिश्श्यापेक्षाही कमी.

बिदरमध्ये निवडून येणार का? बहुतेक नाही. पण तिथल्या दहा मराठी मतदारांच्या सह्या मिळतात का, हे एकदा तरी जाऊन बघायला हवं. घोषणेत ज्यांची नावं आपण घेतो, त्यांच्या दारात शेवटचं कधी गेलो होतो?